उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहताना घरात मोठी गोम चावली, तर लगेच काय करावं?
चावलेली जागा साबणाने धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंश सेल्सिअसच्या वर नको) अर्धा तास बुडवून ठेवा; ठणका बहुतेकदा उतरतो. पाण्याचा अंदाज न चावलेल्या हाताने घ्या, दुखऱ्या जागी भाजलेलं पटकन कळत नाही. मात्र धाप लागली, ओठ सुजले किंवा अंगभर गांधी उठल्या, तर हे करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गोमीच्या अंगातलं पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडतं, म्हणून ती ओलं पायपुसणं, मोरी, जमिनीवर पडलेले कपडे अशा जागी दडते. कपडे आणि बूट झटकूनच घाला. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा आणि झुरळं आवरा, ते तिचं खाद्य आहे.