संगणक सल्ला : विंडोज न पुसता हार्ड डिस्कवर पपी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, राहणार वाई. माझा लॅपटॉप २०११ सालचा. रॅम २ जीबी, हार्ड डिस्क ३२० जीबी, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकला तर कप विसळून होईपर्यंत स्क्रीन धड येत नाही. नातवाने पेनड्राइव्हवर पपी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी हलकी, मोफत सिस्टिम) घालून दिलं, ते मात्र छान पळतं. आता ते आतल्या डिस्कवर घ्यायचं आहे. इथले दुकानदार म्हणतात, सगळी डिस्क फॉरमॅट मारावी लागेल. डी ड्राइव्हमध्ये घरचे फोटो आहेत, शिवाय श्री-लिपीत टाइप केलेली माझी व्याकरणाची टिपणं. काय करू?

उत्तर : गुरुजी, फॉरमॅट मारू देऊ नका. दुकानदारांचं म्हणणं उबुंटूसारख्या मोठ्या लिनक्सच्या सवयीतून आलेलं दिसतं, आणि तिथेही ते पूर्ण खरं नाही. पपीची तर तऱ्हाच निराळी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये ते काढलं तेच मुळी जुन्या मशीनवर, रॅममध्ये चालावं म्हणून. सगळी सिस्टिम मोजक्या फाइलींत मावते : व्हीएमलिनझ (vmlinuz) हा कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरुवातीला लागणारी इनिटआरडी (initrd), आणि एसएफएस शेपटाच्या एक-दोन दाबून बसवलेल्या फाइली. डी ड्राइव्हवर ‘पपी’ नावाचा फोल्डर करून त्या तिथे ठेवल्या की निम्मं काम झालं. याला फ्रुगल इन्स्टॉल म्हणतात. फोटोंच्या शेजारी आणखी एक फोल्डर, एवढंच. नको झालं तर फोल्डर उडवायचा.

पपीच्या इन्स्टॉलच्या मेनूत ‘फुल इन्स्टॉल’ही दिसेल. नाव भारदस्त आहे म्हणून तिकडे वळू नका. त्याला स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा लागतो. तुमच्या काळच्या लॅपटॉपात कंपनीनेच बहुतेक वेळा चारही प्रायमरी (मुख्य) पार्टिशनं भरून दिलेली असतात आणि डिस्कचे कप्पे नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत पाचवं बसत नाही. त्यासाठी खटपट करताना डेटा जातो.

पण त्याआधी दोन कामं. पहिलं, फोटो आणि टिपणं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि चार-दोन फाइली तिथून उघडून बघा. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची टिक काढा. हे बहुतेक जण गाळतात आणि मग लिनक्सला शिव्या घालतात. ही टिक असेपर्यंत शटडाउन दिलं तरी विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग त्या ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही, किंवा लिहिलं तर घोटाळा होतो.

आता पेनड्राइव्हवरून पपी चालू करा. स्क्रीनच्या तळाला ड्राइव्हची चित्रं ओळीने दिसतात : एसडीए१, एसडीए२, एसडीबी१ अशी. सी आणि डी विसरा, इथे ती नावं नाहीत. आतली डिस्क बहुधा एसडीए, पेनड्राइव्ह एसडीबी. पण नावावर विसंबू नका, आकार बघा. ३२० जीबीच्या डिस्कवर अगदी छोटं पार्टिशन दिसलं तर ते विंडोजच्या बूटचं (सुरू होण्याचं), त्याला हात लावू नका. चित्रावर क्लिक करा, आत तुमचे फोटो दिसले की तोच डी. तिथे फोल्डर करून पेनड्राइव्हवरच्या त्या फाइली कॉपी करा.

राहिलं बूटचं. विंडोजमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’समोर काय आहे ते आधी पाहून ठेवा. तुमच्याकडे बहुधा ‘लेगसी’, म्हणजे बूटची जुनी पद्धत असेल. मग पपीतलं ग्रब४डॉस चालवा. ते विंडोज आणि पपी दोन्ही हुडकून मेनू बनवतं. कुठे बसवायचं असं विचारेल तेव्हा आतली डिस्क निवडा. चुकून पेनड्राइव्ह निवडला, तर तो काढल्यावर मेनू येतच नाही. ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) लिहिलेलं असेल तर ग्रब४डॉसच्या नादी लागू नका. नव्या पपीत फ्रुगलपप म्हणून साधन आहे, ते वापरा.

आतल्या डिस्कवरून पहिल्यांदा चालवून बंद करताना पपी विचारेल, सेशन सेव्ह करायचं का. हो म्हणा. विंडोजच्या ड्राइव्हवर (एनटीएफएसवर) सेव्ह-फाइलच करावी लागते, तिला २ जीबी द्या. तुमची सेटिंग्ज, ब्राउझरचे बुकमार्क सगळं तिच्यात राहतं. महिन्याकाठी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढलीत तर सिस्टिम बिघडली तरी कपाळाला हात लावायची पाळी येणार नाही.

श्री-लिपीच्या टिपणांसाठी मात्र विंडोज ठेवाच. तिचे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे नाहीत. लिनक्सवर फाइल उघडली तरी अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा काला दिसेल. विंडोजमध्येच बसून सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. इंटरनेट पपीतून वापरा, कारण विंडोज १०चं नेहमीचं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं आणि विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम लागते. २ जीबीत फायरफॉक्सचे तीन-चार टॅब चालतील. त्यापुढे पपीही हात टेकते. हजार-दोन हजार खर्चायची तयारी असेल तर आधी जुनी डीडीआर३ रॅम शोधा.

प्रश्न : १ जीबी रॅमचा, ३२ बिटचा अ‍ॅटम (इंटेलचा छोटा प्रोसेसर) नेटबुक आहे. लुबुंटू, म्हणजे उबुंटूचा हलका अवतार, चालेल का?

उत्तर : नवं नाही. लुबुंटूने ३२ बिट १९.०४पासून बंद केलं, आणि २०२५च्या डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्समध्येही ३२ बिटचा इन्स्टॉलर उरलेला नाही. अँटीएक्स २३ हे हलकं लिनक्स बघा. ते डेबियन १२वर उभं आहे आणि त्याची ३२ बिटची आवृत्ती मिळते. लिहिणं, पीडीएफ, गाणी एवढं आरामात होईल. यूट्यूबची आशा धरू नका.