विंचू शोधायला स्वस्तातला यूव्ही टॉर्च कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गावी राजापूरकडे जुनं कौलारू घर आहे, सुट्टीत मुलांना घेऊन जाता, पडवीत आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला विंचू निघतात, आणि ऑनलाइन बघायला गेलं तर २५० पासून ३००० पर्यंत टॉर्च दिसतायत, त्यातला कुठला घेऊ. माझं गाव तुमच्यापासून फार लांब नाही आणि रात्री अंगणात एक फेरी मारल्याशिवाय आमच्याकडे कोणी झोपत नाही, म्हणून सांगतो.

नुसते विंचूच बघायचे असतील तर ३००-४०० रुपयांतला ३९५ नॅनोमीटरचा (हा आकडा उजेडाच्या तरंगलांबीचा) टॉर्च बास झाला. त्याच्यावर पैसे घालायची गरज नाही.

लिस्टिंगमध्ये ५१ एलईडी, १०० एलईडी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, लोक तेवढंच बघून घेतात. खरं बघायचं असतं ते नॅनोमीटर. स्वस्तातले जवळजवळ सगळे ३९५ च्या आसपासचे असतात, म्हणजे त्यांचा बराचसा उजेड आपल्याला डोळ्यांनी दिसणारा जांभळाच असतो. दुसरे ३६५ वाले, त्यांचा उजेड डोळ्याला फिका पांढुरका दिसतो पण चमकणाऱ्या वस्तू जास्त उठून दिसतात. विंचवाच्या कवचात अशी द्रव्यं असतात की ती यूव्ही शोषतात आणि हिरवट-निळा उजेड बाहेर टाकतात, आणि हे प्रकरण इतकं जोरदार असतं की ३९५ वरसुद्धा विंचू रेडियमच्या स्टिकरसारखा दिसतो. जांभ्याच्या फटीतून नुसती नांगी बाहेर असली तरी कळतं. ९-१२ एलईडीचा छोटा टॉर्च चार-पाच फुटांपर्यंत ठीक, अंगण आणि गडगा फिरायचा असेल तर ५१ वाला घ्या, आकडा कामाला येतो तो एवढ्यापुरताच. झूमवाला नको, त्याचा उजेड एका ठिकाणी गोळा होतो आणि आपल्याला तर जमीन पसरट दिसायला हवी असते.

जांभळ्या उजेडाचा त्रास होत असेल तर रात्री गाडी चालवायचे म्हणून ते पिवळ्या काचेचे चष्मे मिळतात ना, तो लावून बघा. जांभळा रंग बराचसा कापला जातो आणि हिरवं तेवढं राहतं. स्वस्त टॉर्चला याच्याइतका चांगला जोडीदार नाही, शिवाय डोळ्यांनाही बरं.

आता एक गोष्ट टॉर्च विकणारे सांगत नाहीत. यूव्हीखाली सगळेच विंचू हिरवे दिसतात, त्यामुळे समोर मोठी काळी इंगळी आहे की छोटा लाल विंचू हे रंगावरून कळत नाही. आणि फरक तर तिथेच आहे, इंगळीचे आकडे, म्हणजे पुढचे चिमटे, जाड, रूप भयंकर, पण आपल्याकडे जीवावर बेततं ते बारीक आकड्यांच्या लाल विंचवामुळे. म्हणून दुसऱ्या हातात साधा पांढरा टॉर्च पाहिजेच. पांढऱ्याशिवाय फिरूही नका, जांभळ्या उजेडात साप चमकत नाही आणि फुरसं तर दिवसासुद्धा पाचोळ्यात दिसत नाही. पायात गमबूट.

अजून दोन गमती. विंचवाची टाकलेली कातसुद्धा चमकते, त्यामुळे हलत नसलेलं काहीतरी हिरवं दिसलं की लगेच चप्पल उगारायची नाही, आधी लांब काठीने बघायचं. आणि पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर मादी लख्ख हिरवी आणि पाठीवर मळकट पांढरा ढीग असं दिसतं, कारण अगदी नवी पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत चमकत नाहीत. अशी मादी हलवायला गेलात तर पिल्लं अंगणभर होतील आणि ती टॉर्चने सापडायची नाहीत हे लक्षात ठेवा. चांदण्या रात्री चमक फिकी पडते, अंधाऱ्या पंधरवड्यात बघा. लाकूडफाटा, कौलांची चळत, न्हाणीमागची ओली जागा, एवढं आधी.

मुलं बरोबर असतात म्हणून हेही लिहितो, विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय गार असं काही दिसलं तर उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका, मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार बसवला, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली ती या कामामुळेच, आणि त्या उपचारात वेळेला फार किंमत आहे.

३६५ कधी घ्यायचा? नोटा तपासायच्या असतील, गाडीच्या एसीचा गॅस कुठे गळतो ते डाय टाकून शोधायचं असेल, मांजराने सोफ्यावर कुठे केलंय ते बघायचं असेल, किंवा चमकणारे दगड-खनिजं गोळा करायचा नाद असेल तर. तेव्हा काच काळी आहे का ते बघा. ती काळी काच म्हणजे फिल्टर, उरलेला दिसणारा उजेड ती अडवते. हौशी लोक कॉन्व्हॉय एस२ प्लस किंवा अलोनफायरचं नाव घेतात, पण मग सेलही वेगळा, १८६५० नावाचा, आणि त्याच्यावर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेलं असलं तर तो सेल घेऊच नका, त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतं.

आलेला माल खरा ३६५ आहे का हे घरी बघता येतं. अंधाऱ्या खोलीत मळकट पांढऱ्या भिंतीवर मारा, भिंत भडक जांभळी झाली तर ३९५ च गळ्यात मारलाय. कपडे पांढरेशुभ्र करायच्या टिनोपॉलमध्ये घातलेला सदरा दोन्हीत पेटतो म्हणून त्याच्यावरून निकाल लावू नका. नोटेचं मात्र उलटं, खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो आणि नंबर आणि बारीक तंतू तेवढे उजळतात, साधा झेरॉक्सचा कागद शेजारी धरला तर फरक लगेच कळेल.

जंतू मारणारा टॉर्च म्हणून हेच जांभळे टॉर्च विकतात, त्यात काही तथ्य नाही, जंतूंसाठी यूव्ही-सी लागतं, २५४ वगैरे, आणि ते घरात हातात घेऊन फिरायची वस्तू नाही, कातडी आणि डोळे दोन्ही भाजतात. तुमचा ३९५ वालासुद्धा मुलांना एकमेकांच्या तोंडावर मारू देऊ नका, विशेषतः ५१ वाला.

आणि परत मुंबईला निघताना सेल काढून ठेवा. त्यात तीन छोटे सेल एका प्लॅस्टिकच्या खोक्यात असतात, कोकणातल्या पावसाळ्यात ते फुटून आतली स्प्रिंग हिरवी होते आणि गणपतीला गेलात की बटण दाबून काही होत नाही.