आयोगाची खुर्ची रिकामी आहे म्हणून थांबलात, पण तुमचं वर्ष थांबत नाही

एका वडिलांनी विचारलंय. मुलीच्या अंगावर कोड आहे म्हणून शासकीय वसतिगृहात गृहपालबाई तिला वेगळं जेवायला बसवायच्या. या गोष्टीला आता दहा महिने झाले. तक्रार अजून केलेली नाही, कारण राज्य मानवी हक्क आयोगात एक मेंबर कमी आहे, आणि कोणीतरी यांना सांगितलंय की विरोधी पक्षनेत्याशिवाय मेंबर नेमला तर नेमणूक बेकायदा आणि मग आयोगाची ऑर्डरपण रद्द. असे थांबलेले लोक मला सारखे भेटतात, आणि खरं सांगू का, चिडचिड होते.

आधी नेमणुकीचं बघू. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात कलम 22 आहे, नेमणूक राज्यपाल करतात पण नावं समिती सुचवते. समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री, विरोधी पक्षनेता, आणि आपल्याकडे विधान परिषद आहे म्हणून तिचे सभापती आणि तिथला विरोधी पक्षनेता. (गृहखातं मुख्यमंत्र्यांनीच ठेवलं असेल तर एक डोकं तिथेच कमी.) आता त्याच कलमाचं पोटकलम 2 वाचा, समितीतली एखादी जागा रिकामी होती एवढ्याच कारणावरून नेमणूक बेकायदा ठरत नाही. विरोधी पक्षनेतेपदच रिकामं असेल तर तुमच्या सल्लागाराचा मुद्दा तिथेच संपला. विरोधी पक्षनेता होता पण त्याला बोलावलंच नाही, तर गोष्ट वेगळी, त्यावर हायकोर्टात भांडता येईल, निकाल काय लागेल ते मी सांगणार नाही.

पण समजा नेमणुकीत खोट निघाली, तरी कलम 9 (कलम 29 मुळे ते राज्य आयोगालाही लागू होतं) म्हणतं की जागा रिकामी आहे किंवा आयोगाच्या रचनेत दोष आहे एवढ्यावरून आयोगाचं काम रद्द होत नाही. म्हणजे कमी मेंबर असतानाही तक्रार घेता येते. रिकाम्या जागा तीन महिन्यांत भरा असं सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये राज्यांना बजावलं होतं, सरकारं किती ऐकतात ते तुम्ही बघताच आहात.

तुमचं सगळं प्रकरण अडकलंय ते कलम 36(2) वर. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशीच करता येत नाही, आणि उशीर माफ करायची सोय त्या कलमात लिहिलेलीच नाही. वागणूक महिनोन्महिने चालू होती म्हणून वर्ष शेवटच्या दिवसापासून मोजा असं म्हणून बघता येतं, पण त्या भरवशावर राहू नका. पहिली तारीख धरा, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत, आणि दहा तुम्ही उगाच घालवलेत.

याच आठवड्यात अर्ज द्या, साध्या कागदावर चालतो, फी नाही. तारखा, गृहपालबाईंचं पद, दोन मैत्रिणींच्या पालकांची नावं घाला, आणि पोच घ्या. दुसऱ्या कुठल्या आयोगाकडे आधी अर्ज टाकला असेल तर तो लपवू नका, कारण तिथे प्रकरण चालू असेल तर कलम 21(5) आडवं येतं. आयोग शेवटी सरकारला शिफारसच करतो, हेही डोक्यात असू द्या.

आणि गृहपालबाईंची बदली झाली म्हणून विषय संपला असं जे ऑफिसवाले तुम्हाला सांगतायत, ते त्यांच्याकडून लेखी मागा.