रडारचा शोध नेमका कोणाचा: ब्रिटिशांचा, जर्मनांचा की रशियनांचा?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात शाळेत 28 फेब्रुवारीचं विज्ञान प्रदर्शन आहे, मुलगी 'दुसऱ्या महायुद्धातले शोध' असा तक्ता करतेय. रडारपुढे तिने ब्रिटन लिहिलं, शिक्षक जर्मनी म्हणाले, आणि नेटवर अमेरिका, रशिया, जपान सगळेच हक्क सांगतात. मग लिहायचं काय?

'शोध लावणारा देश' हा रकाना आधी खोडा. सगळं भांडण त्यातूनच निघतं. त्याजागी चार रकाने आखा: कल्पना किंवा पेटंट, चालू झालेला पहिला नमुना, प्रसिद्धी, आणि कारखान्यातून बाहेर पडून झालेला वापर. प्रत्येकात साल हवंच.

1904 साली जर्मनीच्या क्रिस्टियान ह्युल्समायरने कलोनला ऱ्हाइन नदीवर, जहाजावरून परतलेल्या रेडिओलहरींनी घंटा वाजवून दाखवली. पेटंटही घेतलं. पण जहाज किती दूर आहे हे त्या यंत्राला थेट मोजता येत नव्हतं. डिसेंबर 1934 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट पेजने पल्स, म्हणजे रेडिओलहरींचा क्षणभराचा झटका, सोडून साधारण एक मैलावरचं विमान टिपलं. 26 फेब्रुवारी 1935 ला ब्रिटनच्या वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या डॅव्हेंट्री केंद्राच्या 49 मीटर लहरींवर हेफोर्ड विमानाचा माग काढला. त्यात पल्स नव्हतीच. त्याच वर्षी जर्मन नौदलासाठीही काम सुरू होतं. म्हणून 'रडार ब्रिटिशांनी शोधलं' हे वाक्य चूक आहे. त्यांचा मान वेगळा आणि माझ्या मते मोठाच आहे: किनाऱ्यावरची 'चेन होम' नावाची रडार केंद्रं, तिथून टेलिफोनने बेंटली प्रायरीला (लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयात) येणारी माहिती, तिची छाननी, आणि तिथून लढाऊ विमानांना आदेश, ही अख्खी साखळी त्यांनी युद्धाआधी उभी केली.

खरी गुंतागुंत मॅग्नेट्रॉनची, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेडिओलहरी तयार करणाऱ्या व्हॅक्यूम नळीची आहे. जागा असेल तर तक्त्यात त्यालाच अर्धी द्या.

विमानात मावेल असं रडार हवं तर अँटेना लहान हवी, म्हणजे लहर साधारण 10 सेंटीमीटरची हवी, आणि तीही किलोवॅटमध्ये. नेहमीच्या व्हॉल्व्हना (रेडिओतल्या व्हॅक्यूम नळ्यांना) ते जमत नव्हतं. अमेरिकेत अल्बर्ट हलने 1920 च्या सुमारास साधा मॅग्नेट्रॉन केला होता. हान्स होलमानने 1935 मध्ये जर्मनीत अनेक पोकळ्यांच्या मॅग्नेट्रॉनसाठी पेटंटचा अर्ज केला; 1938 मध्ये त्याला अमेरिकी पेटंटही मिळालं. रशियात अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी 1936-37 मध्ये तसा नमुना चालवला, 9 सेंटीमीटरला सुमारे 300 वॅट. त्यांचा लेख रशियनमध्ये 1940 साली आला आणि इंग्रजीत 1944 मध्ये.

बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडॉल आणि बूट यांनी 21 फेब्रुवारी 1940 ला आपला नमुना सुरू केला. तांब्याचा 4 सेंटीमीटर लांबीचा ठोकळा, मधे कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) जागा, भोवती 12 मिलिमीटर व्यासाची सहा भोकं, आणि प्रत्येक भोक मधल्या पोकळीला 1 मिलिमीटरच्या चिरेने जोडलेलं. भोक कॉइलचं काम करतं, चीर कपॅसिटरचं, आणि दोन्ही मिळून लहर ठरते. व्यासही अंदाजाने घेतला नव्हता: हर्ट्झने रेडिओलहरी टिपायला वापरलेल्या तारेच्या कड्यासाठी लहर व्यासाच्या 7.94 पट येते, त्यावरून 12 मिलिमीटर निघाले. सांधे लाखेने बंद केलेले, आणि व्हॅक्यूम पंप सतत चालू. निघाले सुमारे 400 वॅट.

पण ते विमानात कसं न्यायचं? पंपाविना चालणारी सीलबंद नळी वेम्बलीच्या जीईसी कंपनीत मेगॉ या संशोधकाने केली. कॅथोड म्हणून वापरलेल्या टंगस्टनच्या फिलामेंटची (तापणाऱ्या तारेची) अडचण अशी, की मागे वळून आदळणाऱ्या इलेक्ट्रॉन्सनी ते जास्त तापून जळतं. त्यावर उपाय फ्रान्सहून आला: मे 1940 मध्ये फ्रेंच संशोधक मोरिस पाँत ऑक्साइडचा लेप दिलेल्या जाड कॅथोडची नळी घेऊन वेम्बलीला पोचला. हा जाड कॅथोड इलेक्ट्रॉन्सचा मार झेलतो, आणि त्या माराने त्यातून आणखी इलेक्ट्रॉन निघतात. शक्ती 10 किलोवॅटच्या घरात गेली. तक्त्यांत फ्रान्सचं नाव सहसा नसतं. तुमच्या तक्त्यात असू द्या.

सप्टेंबर 1940 मध्ये टिझर्ड मंडळाने, म्हणजे ब्रिटनने गुपितं देऊन पाठवलेल्या शिष्टमंडळाने, 12 क्रमांकाची नळी अमेरिकेला नेली. तिथे एक्स-रे काढला तर आठ भोकं दिसली, सोबतच्या आराखड्यात सहाच होती! नळी जुळत नाही म्हणून गोंधळ उडाला. पुढचं दुखणं म्हणजे आठ पोकळ्या कधी एका ठेक्यात, कधी दुसऱ्यात डोलतात आणि लहर अचानक बदलते. 1941 मध्ये जेम्स सेयर्सने एक सोडून एक भाग तांब्याच्या पट्टीने जोडले आणि ते थांबवलं. जर्मनांना हे सगळं फेब्रुवारी 1943 मध्ये रॉटरडॅमजवळ पाडलेल्या ब्रिटिश विमानाच्या सांगाड्यात सापडलं, होलमानचा अर्ज त्यांच्याच देशातला असूनही.

'मग भारताचं काय?' असं प्रदर्शनात कुणीतरी विचारेलच. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्यात मिलिमीटर लहरी दाखवल्या, 1904 मध्ये गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं (लहरी टिपणाऱ्या भागाचं) अमेरिकी पेटंट मिळवलं, आणि सेंटीमीटर रडारच्या रिसीव्हरला पुढे स्फटिकाच्याच डिटेक्टरकडे वळावं लागलं. एवढं लिहा, 'रडार बोसांनी शोधलं' लिहू नका. तुमच्याच गावच्या रमण विज्ञान केंद्राचं नाव ज्यांच्यावरून आहे, त्या रामन यांच्या 'रामन परिणामा'चंही (पदार्थातून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलण्याचं) असंच आहे. लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना मॉस्कोत तो त्याच फेब्रुवारी 1928 मध्ये दिसला, पण रामन यांची टिपणं आधी छापून आली. रशियन पुस्तकांत त्या परिणामाचं नाव आजही वेगळं आहे.

तक्त्यासोबत खरी वस्तू ठेवायची तर मायक्रोवेव्ह दुरुस्त करणाऱ्याकडून जळालेला, सुटा काढलेला मॅग्नेट्रॉन आणा. ओव्हन मुलीला उघडू देऊ नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वरचा भार उरू शकतो. बाहेरची चौकट, दोन गोल चुंबकं आणि ॲल्युमिनियमच्या पात्या काढल्या की तांब्याचा डबा हाती येतो. मोठ्या माणसाने तो शिकंज्यात धरून करवतीने आडवा कापावा. आत बहुधा दहा पाती दिसतील, आणि त्यांच्या कडेवर एक सोडून एक पातं जोडणारी कडी: सेयर्सची पट्टी, 1941, ती सुईच्या टोकाने दाखवा. पांढरी किंवा गुलाबी सिरॅमिक फोडू नका, काही जुन्या नळ्यांत ती बेरिलियम ऑक्साइडची असते, आणि त्याची धूळ विषारी. मधलं फिलामेंट घासू नका, त्यात किरणोत्सारी थोरियम असतं.