गाईड कुठे बघतोय ते बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, हसूच आलं. एवढ्या पहाटे उठून नेचर सेंटरच्या वॉकला गेलीस, त्यातला अर्धा तास गाईडने एकाच झाडापाशी घालवला, प्राणी म्हणून एकही दिसला नाही, आणि वर लिहितेस की काका यापेक्षा घरी बसून व्हिडिओ बघितले असते तर जास्त कळलं असतं. असेल बाई. पण त्या व्हिडिओवाल्याने महिनोन्महिने दबा धरून बसून जे मिळवलं त्यातली चार मिनिटं तुला आयती दिसतात, आणि मग आपल्याला वाटायला लागतं की रानात सारखं काहीतरी घडतच असतं. घडत असतंच म्हणा, पण बरंचसं तुझ्या गुडघ्याच्या खाली किंवा पानाच्या मागच्या बाजूला, आणि तिथे बघायची आपल्याला सवय नसते.

मी बरीच वर्षं लोकांना असं फिरवतोय, त्यावरून एवढंच सांगतो की पहिले काही वॉक तू झाडाकडे कमी आणि गाईडकडे जास्त बघ. तो चालता चालता मधेच थांबतो ना, मान वळवतो, काही बोलत नाही, तेव्हा त्याला कशाची तरी चाहूल लागलेली असते. बहुतेक वेळा कानाला. छोटे पक्षी एकदम कलकलाट करायला लागले आणि सगळे एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असले तर तिथे घुबड, साप, मांजर, शिकारी पक्षी असं कोणीतरी बसलेलं असण्याची शक्यता भरपूर. किंवा खोडावर, पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की तो लगेच वर बघतो, कारण बरोबर वरच्या फांदीवर कोणाची तरी रोजची बैठक असते.

तो अर्धा तास वाया गेलेलं झाड होतं ना, तिथे काय काय चालू असतं सांगतो. पानाच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले तर ते पानं कापणाऱ्या मधमाशीचं काम, ती ते तुकडे खात नाही, नेऊन घरट्यातल्या पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या असतील तर बहुतेक सुरवंट नाहीतर भुंगा. आणि खालच्या पानावर काळे बारीक दाणे पडलेले दिसले तर ती सुरवंटाची लेंडी, म्हणजे महाराज वरच कुठेतरी जेवत बसलेत, पानं न तोडता खालून वाकून शोध. हे एकदा कळलं ना की गाईड तिथे अर्धा तास का थांबला ते आपोआप कळतं, उलट तो निघाला की आपल्यालाच राग येतो.

म्हणून उभी कुठे राहतेस ते महत्त्वाचं. गाईडच्या मागे दुसरी-तिसरी राहा. त्याच्या पुढे पळू नको, आणि मागच्या गप्पांच्या टोळीत तर अजिबात नको, तिथे फक्त लोकांच्या ऑफिसच्या गोष्टी कळतात. आणि प्रश्न विचारताना "हे काय आहे" एवढ्यावर थांबू नको, "तुम्हाला हे कसं दिसलं" असं विचार. चांगला गाईड या प्रश्नावर खुलतो. जो नुसती नावं सांगत भराभर पुढे जातो त्याच्याबरोबर परत गेली नाहीस तरी चालेल, मी तरी नाही जाणार.

नावांसाठी अ‍ॅप आहेतच. आयनॅचरलिस्ट तर मुळात २००८ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालं, फोटो टाकला की ते अंदाज देतं आणि मग जाणकार माणसं येऊन तो बरोबर की चूक सांगतात. पण फोटो वॉकमध्ये काढ आणि अपलोड घरी येऊन कर, नाहीतर सगळा वेळ मान खाली. झाडाचा फोटो असेल तर नुसतं फूल नको, पान, पानाची मागची बाजू, खोडाची साल असं सगळं घे, एका फुलावरून ओळखायला सांगतात लोक आणि मग उत्तर आलं नाही की चिडतात.

दुर्बिणीचं विचारलंस. सेंटरवर वापरायला मिळत असेल तर तीच घे, आत्ताच विकत घ्यायला धावू नको. तिच्यावर ८ बाय ४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातलं ८ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवीन माणसाला दहापटवाली भारी वाटते पण तिच्यात हाताची थरथरही तेवढीच मोठी होते आणि साधारणपणे दिसणारा तुकडा लहान होतो, म्हणजे पक्षी सापडायच्या आतच उडून जातो. आणि पक्षी दिसला की नजर खाली आणून दुर्बीण शोधत बसायचं नाही, नजर त्याच्यावरच रोखून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, बस्स. ही एक गोष्ट घरी खिडकीत उभी राहून प्रॅक्टिस कर, फार फरक पडतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तळ्यावरचं सेशन. मोठी माणसं याला लहान मुलांचा कार्यक्रम समजून टाळतात, ते त्यांचं नुकसान. जाळी तळाजवळून हळू फिरवायची, पांढऱ्या ट्रेमध्ये तळ्याचंच थोडं पाणी घ्यायचं, त्यात जाळी उलटी करायची आणि मग गप बसायचं. पहिल्यांदा नुसता कचरा दिसतो. एक-दोन मिनिटांनी त्या कचऱ्यातला एक तुकडा चालायला लागतो. ती चतुराची, म्हणजे ड्रॅगनफ्लायची, अळी असली तर बघतच राहा, तिचा खालचा जबडा घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य जवळ आलं की तो सटकन पुढे येतो. शिवाय ती श्वास घेते मागच्या बाजूने, तिचे कल्ले तिथे आत असतात, आणि घाबरली की तिथूनच पाणी जोरात सोडून पुढे झेपावते. पोरांना हे सांगितलं की हसून हसून लोळतात. दगडांमधून वाहणारा ओढा जवळ असेल तर दगडाच्या खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी शोध, ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीने स्वतःसाठी बांधलेली असते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची पिल्लं सापडली तर पाणी स्वच्छ आणि भरपूर ऑक्सिजनवालं आहे असं समजतात, कारण घाणीत त्यातली बहुतेक टिकत नाहीत. बघून झालं की सगळ्यांना जिथून घेतलं तिथेच सोडायचं, आणि ट्रे उन्हात ठेवायचा नाही, तेवढंसं पाणी पटकन तापतं.

नाईट वॉकला मात्र नक्की जा. तिथे लोकांची एक सवय असते, दर दोन मिनिटांनी मोबाईल काढून वेळ बघायची, आणि त्या उजेडाने सगळा खेळ संपतो, कारण डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि भक्क उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाने ते बरंच वाचतं म्हणून गाईड टॉर्चवर लाल कागद लावतो. एक गंमत करून बघ, साधी टॉर्च कानशिलाजवळ डोळ्यांच्या रेषेत धर आणि गवतावर लांब उजेड टाक. हिरवट ठिपके चमकतील, वाटेल दव आहे. त्यातल्या एका ठिपक्यावर नजर ठेवून हळूहळू जवळ जा, बऱ्याचदा तो ठिपका म्हणजे कोळ्याचे डोळे निघतात, जाळं न विणता पळून शिकार करणारे कोळी असतात ना, ते. हे कितीही वेळा दाखवलं तरी मला कंटाळा येत नाही.

पडलेला ओंडका किंवा दगड उचलायचा झाला तर गाईडला विचारून, आणि नेहमी पलीकडची कड धरून स्वतःकडे कलता करायचा, म्हणजे खाली जे कोणी असेल त्याला पलीकडे पळायला वाट राहते आणि तुझ्या पायांच्या आणि त्याच्या मध्ये ओंडक्याची आड राहते. बघून झालं की जसा होता तसा परत ठेवायचा, खालचा ओलावा गेला की तिथली सगळी वस्ती मरते. आणि पक्षी येत नाही म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवा असा हट्ट गाईडकडे कोणी धरला तर तू त्यात सामील होऊ नको, विणीच्या दिवसात बिचारा घरटं सोडून दुसरा कोण आला म्हणून भांडायला येतो.

पुढच्या वेळी एकच कर, नवीन ट्रेल घेऊ नको. तीच वाट, जमलं तर तोच गाईड, आणि वॉक संपला की सगळे गेल्यावर सेंटरला विचारून तेवढ्याच वाटेवर एकटी परत फिर. कुठे कुठे थांबावंसं वाटलं ते मला लिही, काय दिसलं ते नंतर.

आणि फुल पँट घाल, पायमोजे पँटच्या वरून ओढून घे. गवतात गोचीड असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत नीट बघ. चिकटलेली सापडलीच तर तेल, काडेपेटी असले उद्योग करू नको, बारीक चिमट्याने कातडीला अगदी टेकवून धरायची आणि सरळ वर ओढायची.

तुझा,
काका