फेडरॅलिस्ट म्हणजे ‘संघराज्यवादी’ का?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका मराठी टिपणात पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन याच्या पक्षाला ‘संघराज्यवादी’ म्हटलं आहे. आपल्याकडे संघराज्याची आठवण काढतात ती राज्यं, तीही केंद्राशी भांडताना. हॅमिल्टनला तर बळकट केंद्र हवं होतं. मग शब्द चुकला की माझी समजूत? त्याच टिपणात ‘स्ट्रिक्ट कन्स्ट्रक्शन’चं ‘कडक बांधणी’ केलं आहे, तेही पटत नाही.”

समजूत बरोबर आहे, आणि कोशात पाहाल तर शब्दही बरोबर आहे. घोळ मूळ इंग्रजी नावातच आहे, आणि तो १७८७ साली बऱ्यापैकी जाणूनबुजून घातला गेला.

‘फेडरल’च्या मुळाशी लॅटिनमधला तह किंवा करार या अर्थाचा शब्द आहे. अठराव्या शतकात फेडरल व्यवस्था म्हणजे स्वतंत्र राज्यांनी आपसांत करार करून केलेली जूट. १७८१ पासून लागू असलेली अमेरिकेची पहिली घटना अशीच होती: प्रत्येक राज्याला एक मत, मध्यवर्ती काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर बसवायचा अधिकार नाही, आणि एक कलम बदलायचं तरी तेराही राज्यांची संमती हवी. फेडरलच्या विरुद्ध शब्द होता ‘नॅशनल’. त्यामुळे १७८७ मध्ये नवी घटना लिहायला फिलाडेल्फियाला जमलेल्या मंडळींनी जे घडवायला घेतलं, त्याला खरं नाव ‘नॅशनल’ हेच होतं. सुरुवातीच्या ठरावांत ते होतंही. पण राज्यांचे कान टवकारतील असा तो शब्द, म्हणून २० जूनला ऑलिव्हर एल्सवर्थ यांच्या सूचनेवरून काढून टाकला गेला. पुढे घटनेच्या समर्थकांनी ‘फेडरॅलिस्ट’ हे नाव स्वतःकडे घेतलं. जुन्या अर्थाने जे खरे फेडरल होते, त्यांच्या वाट्याला आलं ‘अँटी-फेडरॅलिस्ट’. घरमालकाच्या दारावर भाडेकरूने आपली पाटी लावावी आणि मालकाला उपरा ठरवावं, तसं.

हे त्या काळच्या लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. एल्ब्रिज गेरी यांनी घटनेवर सही करायला नकार दिला होता. १७८९ मध्ये प्रतिनिधीगृहात ते म्हणाले की एका बाजूला घटना आहे तशी मंजूर म्हणजे ‘रॅटिफाय’ करायची होती, दुसरीला दुरुस्त्या करूनच. तेव्हा या दोघांना फेडरॅलिस्ट आणि अँटी-फेडरॅलिस्ट न म्हणता ‘रॅट’ आणि ‘अँटी-रॅट’ म्हणायला हवं होतं. हा श्लेष मराठीत आणायचा मी प्रयत्न केला. उंदीर काही केल्या येत नाहीत. जेम्स मॅडिसनने मात्र, हॅमिल्टन वगैरेंसोबत घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ८५ निबंधांपैकी ३९व्यात, प्रांजळपणे कबूल केलं की ही घटना निव्वळ फेडरलही नाही आणि निव्वळ नॅशनलही नाही, दोहोंची मिसळ आहे.

आपल्याकडेही हा करार आठवून शब्द निवडला गेला होता. ‘राज्यांचा संघ’ असंच का, हे सांगताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकर म्हणाले की भारताचं संघराज्य हे राज्यांनी आपसांत केलेल्या कराराचं फळ नाही, म्हणून कुणालाही त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही.

आणखी एक खाचखळगा. १७८७ चे फेडरॅलिस्ट आणि १७९० च्या दशकातला फेडरॅलिस्ट पक्ष यांत माणसं सारखी नाहीत. निबंध लिहिताना हॅमिल्टनच्या जोडीला असलेला मॅडिसन पुढे हॅमिल्टनचा विरोधक जेफरसन याच्या गोटात गेला. त्या गोटाचं स्वतःचं नाव ‘रिपब्लिकन’. ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ ही सोय मुख्यतः नंतरच्या इतिहासकारांची. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा, त्याचा याच्याशी थेट संबंध नाही.

आता ‘कन्स्ट्रक्शन’. इथे ते बांधकाम नव्हे, घटनेच्या शब्दांचा अर्थ लावणं. हे ‘कन्स्ट्रू’ या क्रियापदाचं नाम, आणि कन्स्ट्रू म्हणजे लॅटिन वाक्यातले शब्द जुळवून अर्थ लावणं. संस्कृतच्या तासाला आपण श्लोकाचा अन्वय लावतो, नेमकं तेच. त्यामुळे ‘अन्वयार्थ’ हा शब्द इतका चपखल बसतो की दुसरा शोधूच नये. ‘स्ट्रिक्ट’ला काटेकोर. त्याच्या उलट असलेल्या ‘लूज’ला पुष्कळजण ‘सैल’ लिहितात. मला ते पक्षपाती वाटतं, सैलपणात ढिसाळपणाचा वास येतो. मी ‘उदार अन्वयार्थ’ लिहीन.

अन्वयार्थ काटेकोर लावायचा की उदार, हा वाद प्रत्यक्षात एका विशेषणावर पेटला. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या आठव्या कलमात काँग्रेसच्या अधिकारांची यादी आहे आणि शेवटी म्हटलं आहे की ते राबवायला ‘आवश्यक आणि योग्य’ असे कायदे तिने करावेत. हॅमिल्टनला राष्ट्रीय बँक काढायची होती. बँकेचा यादीत उल्लेख नाही. १७९१ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने बँकेच्या विधेयकावर सही करण्याआधी सल्ला मागितला. जेफरसन म्हणाला, आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून अधिकार वापरताच येणार नाही ते. कर बँकेशिवायही गोळा होतो. बँक सोयीची असेल, सोयीचं म्हणजे आवश्यक नव्हे. हॅमिल्टनचं उत्तर: रोजच्या बोलण्यात हा शब्द ‘उपयोगी’, ‘गरजेचं’, ‘पूरक’ एवढ्याच अर्थाने येतो, तुम्ही त्याच्याआधी ‘अगदी’ किंवा ‘अपरिहार्यपणे’ असं न लिहिलेलं क्रियाविशेषण गृहीत धरताय. वॉशिंग्टनने २५ फेब्रुवारीला सही केली.

मराठीतही हा पेच तसाच उभा राहतो. ‘अवश्य’ म्हणजे मुळात जे आपल्या वश नाही, टळणार नाही ते. पण आमंत्रणात आपण ‘लग्नाला अवश्य या’ असं लिहितो तेव्हा आला नाहीत तर लग्न अडेल असं कुणी समजत नाही. व्युत्पत्ती जेफरसनच्या बाजूची, वापर हॅमिल्टनच्या. मी वापराला मत देतो, आणि १८१९ मध्ये सरन्यायाधीश मार्शलनेही तेच केलं. बँकेच्याच खटल्यात त्याने दाखवून दिलं की घटनेत इतरत्र, राज्यांनी आयातीवर जकात बसवण्याबद्दल लिहिताना, ‘अगदी आवश्यक’ असं म्हटलं आहे. आवश्यकचा अर्थच अगदी आवश्यक असता, तर तिथे ‘अगदी’ची भर कशाला?

केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवणाऱ्या दहाव्या दुरुस्तीत याचीच दुसरी बाजू दिसते. जुन्या घटनेत केंद्राला ‘स्पष्टपणे’ दिलेलेच अधिकार होते. नव्या दुरुस्तीत ते क्रियाविशेषण घालायची सूचना १७८९ मध्ये आली, मॅडिसनने विरोध केला, शब्द गेला. आणि तोच मॅडिसन दोन वर्षांनी बँक घटनाबाह्य म्हणून विरोधात उभा राहिला, १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून दुसऱ्या बँकेच्या विधेयकावर सहीही करून बसला. जेफरसननेही १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेताना काटेकोरपणा खुंटीला टांगला. उलट सत्ता गेल्यावर न्यू इंग्लंडचे फेडरॅलिस्ट १८१४ मध्ये हार्टफर्डला जमून राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागले.

आजही अमेरिकी इंग्रजीत ‘फेडरल’ म्हणजे केंद्राचं, पण ‘फेडरॅलिझम’चा कैवार घेतात ते बहुधा राज्यांसाठी. म्हणून पक्षाचं नाव भाषांतरित करू नये. इंग्लंडच्या ‘टोरी’ला जसं टोरीच ठेवतो, तसं ‘फेडरॅलिस्ट’ ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाशी ‘प्रबळ केंद्राचे समर्थक’ अशी ओळ जोडावी. ‘संघराज्यवाद’ तत्त्वासाठी राखून ठेवा. ‘कडक बांधणी’ मात्र खोडा. ती फेट्याला शोभेल.