कानाच्या मशीनचे सेल उन्हाळ्यात लवकर का संपतात? कोणते घ्यावे, कसे ठेवावे?

आबाजींच्या मशीनचा सेल थंडीत बारा-पंधरा दिवस जायचा आणि एप्रिल लागल्यापासून आठवडाही काढत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदारानं फसवलंच असेल असं नाही. यवतमाळ जिल्ह्यात बसस्टँडजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, हे सेलही ठेवतो. उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात.

हा सेल हवेवर चालतो. आत जस्ताची भुकटी असते आणि + खुणेच्या सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं. त्यावरचं रंगीत स्टिकर निघालं की हवा आत शिरते आणि सेल सुरू होतो. मग मशीन वापरा की डब्यात ठेवा, तो झिजतच राहतो. स्टिकर परत चिकटवून काही फायदा नाही. त्याच छिद्रांतून आतला ओलावाही उडतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या घरात आणि हवा ठणठणीत कोरडी, म्हणजे सेल आतून सुकणारच. पावसाळ्यात उलटं होतं: दमट हवा आत जाते आणि कधी सेल फुगून झाकणात अडकतो.

म्हणून स्टिकर लागेल तेव्हाच काढा. काढल्यावर सेल लगेच मशीनमध्ये कोंबू नका, छिद्रं वर ठेवून तीन ते पाच मिनिटं उघडा राहू द्या. एवढ्यानंही तो जास्त टिकतो. बोटं तेलकट किंवा घामेजलेली असतील तर आधी पुसा, छिद्रं बुजली की सेल गेला. रात्री मशीन बंद करून झाकण उघडं ठेवा, घामाची ओल निघून जाते.

घेताना स्टिकरचा रंग पाहा, त्यावरून सेलचा नंबर म्हणजे माप कळतं. निळा ६७५, नारिंगी १३, तपकिरी ३१२, पिवळा १०. हे रंग सगळ्या कंपन्यांत सारखेच, त्यामुळे आबाजींना वाचता येत नसलं तरी जुन्या पाकिटाचा कागद दाखवून बरोबर माल आणता येतो. आकडा मोठा म्हणून सेल मोठा असं मात्र नाही, १३ नंबरचा ३१२ पेक्षा जास्त दिवस चालतो. पाकिटामागची तारीख वाचा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात टांगलेली पाकिटं घेऊच नका, माझ्या दुकानातली असली तरी. वर्षाचा साठाही नको, दोन पाकिटं पुरे. टिनाच्या घरात ती भिंतीच्या फळीवर न ठेवता थंड कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं.

आणखी एक. एलआर ४४ हा घड्याळ-कॅल्क्युलेटरचा सेल ६७५ च्या जागी अगदी फिट बसतो, म्हणून काही दुकानदार तोच देतात. तो कानाच्या मशीनसाठी नाही. थोडा वेळ चालतो, मग आवाज फाटतो, आणि आतला रस गळला तर मशीनही खराब. खिशात ठेवायच्या वायरवाल्या मशीनची गोष्ट वेगळी, तिला साधा पेन्सिल सेल लागतो.

सेल संपत आला की आवाज हळूहळू कमी होईल म्हणून वाट पाहू नका, हा शेवटपर्यंत ठीक चालून एकदम मान टाकतो. साध्या मीटरवरही फसगत होते, कारण मशीनचा भार नसताना संपत आलेला सेलही चांगला आकडा दाखवतो. त्यापेक्षा मशीन चालू करून मुठीत धरा. बारीक सीटी वाजली तर सेल जिवंत. नवा सेल टाकूनही सीटी नाही, तर आधी नळीत मळ अडकलाय का पाहा. तिथंही काही नसेल तर दोष मशीनमध्ये असेल, सेलवर पैसे घालत बसू नका.

नवीन मशीन घेताना लोक चार्जिंगवाली मागतात. गावात लाइट सारखी जात असेल तर माझ्या मते सेलवालीच बरी.

सेल गोळ्यांच्या डबीत मात्र ठेवू नका. म्हातारी माणसं औषध समजून गिळतात, आणि लहान पोरं नाकात घालतात. तसं झालं तर ओकारी काढायच्या भानगडीत न पडता लगेच दवाखाना गाठा, सेलचं पाकीटही सोबत न्या.